मैदानातली लाल खुर्ची

आमच्या मुलुंडमध्ये उभं राहून समाजकार्य करणारे ढिगाने सापडतील, पण नुसतं बसून अख्खं वॉर्ड ऑफिस हलवणारी बाई एकच, आमच्या समोरच्या दारातल्या मावशी. त्यांच्याकडे एक लाल प्लास्टिकची खुर्ची होती. तिचा एक हात कधीच मोडला होता आणि दुसऱ्या हाताला एक कापडी पिशवी कायम लटकलेली असायची. पिशवीत पाण्याची बाटली, चष्मा आणि निवडायची भाजी. जिथे धोका दिसेल तिथे मावशी ही खुर्ची टाकायच्या आणि बसायच्या. आंदोलन, मोर्चा असले शब्द त्यांनी कधी वापरले नाहीत. नाक्यावरच्या गटाराचं झाकण चोरीला गेलं तेव्हा मी, म्हणजे आमच्या परिसर समितीच्या सेक्रेटरीने, घरी बसून एक झणझणीत अर्ज टाइप केला. त्यातला ‘तत्काळ’ हा शब्द ठळक केला आणि देशकार्य पार पाडल्यासारखा चहा प्यायलो. तोवर मावशी त्या उघड्या गटाराशेजारी खुर्ची टाकून मेथी निवडायला बसल्या होत्या. येणारा-जाणारा विचारी, “मावशी, इथे का बसलात?” त्या मान वर न करता सांगत, “तू आत पडू नयेस म्हणून.” मेथी संपली, मग गवार आली, आणि गवार संपायच्या आत झाकण आलं. माझ्या अर्जाचं उत्तर अजून यायचं आहे.

परिसर समिती म्हणजे आमच्या चार इमारतींमधली अशी माणसं, ज्यांना घरात कोणी बोलू देत नाही. मावशी त्या समितीच्या अध्यक्ष होत्या, कारण निवडणुकीच्या दिवशी खुर्ची घेऊन फक्त त्याच आल्या होत्या. मूळच्या मालवणकडच्या, नवरा परळच्या गिरणीत. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी पोळीभाजीचे डबे करून संसार ओढला आणि मुलुंडला घर घेतलं. एरवी त्या आमच्यासारखंच बोलायच्या, पण राग आला किंवा पोटात काही हललं की थेट मालवणीत शिरायच्या. शाळेच्या वळणावर गतिरोधक हवा होता, तेव्हा शाळा सुटायच्या वेळी त्यांची खुर्ची रस्त्याच्या कडेला, म्हणजे कडेच्या बरीच आत. एक गाडीवाला हॉर्नवरचा हात काढेना. मावशी उठून त्याच्या काचेपाशी गेल्या. “वाजव, वाजव. तुझ्या लग्नातला बँड राहिला असेल वाजवायचा.” गाडीवाला बिचारा माफी मागून हळू निघून गेला. त्यांच्या डोक्यावर छत्री धरायचं काम माझ्याकडे होतं. ती मी अशी धरत असे की ऊन मावशींना लागलं तरी चालेल, पण माझा चेहरा ऑफिसच्या कोणाला दिसू नये.

आमच्या चार इमारतींच्या मधोमध एक मोकळी जागा आहे. विकास आराखड्यात ती मैदानासाठी राखीव आहे. प्रत्यक्षात तिथे माती, बदामाचं एक झाड आणि संध्याकाळी चारी इमारतींची पोरं. एकदा बातमी आली की या जागेचा मैदान म्हणून वापरच होत नाही असं कोणीतरी वर कळवलं आहे आणि तिथे वाहनतळ करायचं घाटतंय. एक अधिकारी मॅडम येऊन पाहणी करणार, मैदान वापरात आहे असं दिसलं तर ते राहणार, नाहीतर गेलं. मावशींचा जीव त्या जागेत अडकलेला. त्यांची नातवंडं तिथे खेळलेली नाहीत, ती लांब वाढली. पण संध्याकाळी बदामाखाली खुर्ची टाकून पोरांचा गलका ऐकल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. “मॅडमना येऊ दे की,” त्या म्हणाल्या. “पोरं खेळतायत, मी बसलेय. आणखी काय दाखवायचं?”

पण आम्ही मध्यमवर्गीय माणसं. कोणी मोठं माणूस घरी यायचं म्हटलं की आम्ही आधी घरातली सगळी माणसं आत लपवतो. समितीची तातडीची सभा झाली आणि मी मांडलेली योजना टाळ्यांच्या गजरात मंजूर झाली. पाहणीच्या दिवशी मैदानावर मांडव उभा राहिला. खाली लाल गालिचा, वर झुंबर, मधे लग्नाच्या हॉलवाल्याकडून आणलेला सोनेरी सोफा. रांगोळी, माइक, वेफर्स, समोसे. गालिचा मळू नये म्हणून पोरांना सक्त ताकीद, कोणीही खाली उतरायचं नाही. मावशींची खुर्ची बरी दिसत नाही म्हणून मांडवामागे ढकलली आणि मावशींना रेशमी साडीत सोफ्यावर बसवून हातात गुच्छ दिला. त्या फुगून बसल्या होत्या. सोफ्यावर बसून त्यांच्याच्याने काही होत नसे.

मॅडम आल्या. त्यांनी झुंबराकडे पाहिलं, सोफ्याकडे पाहिलं. “लग्नाला जागा देता का ही?”

“छे छे मॅडम! मैदान आहे,” मी म्हणालो. “रोज मुलं खेळतात.”

“कुठे आहेत मुलं?”

“घरात कोंडून ठेवलीयत,” मी अभिमानाने छाती पुढे काढून सांगितलं. “म्हटलं, तुम्हाला त्रास नको.”

मॅडमनी पेन काढलं. त्या काय लिहिणार हे मांडवातल्या सगळ्यांना एकाच वेळी कळलं, मला सोडून. मावशी सोफ्यावरून उठल्या आणि माइकसमोर आल्या. स्वागताचे दोन शब्द बोलतील म्हणून मी माइक त्यांच्या उंचीला आणून दिला. “वाट लावलंस मेल्या,” हे पहिले शब्द माझ्या स्वागताचे होते. मग त्यांनी मान वर करून चारी इमारतींना हाक घातली, “पोरांनो, खाली येवा रे! बॅटी घेऊन येवा!”

जिन्यांतून असा धबाधब आवाज आला की मॅडम दोन पावलं मागे सरल्या. क्षणात गालिच्याचं पिच झालं. कोणीतरी मांडवामागून लाल खुर्ची ओढून आणली आणि स्टंप म्हणून उभी केली. पहिला चेंडू झुंबराला लागला, दुसरा समोशांच्या ताटात पडला, आणि तिसऱ्याला आउट की नॉट आउट यावर असं भांडण जुंपलं की मॅडमना मधे पडून निकाल द्यावा लागला. जाताना त्या हसत होत्या. पुढे यथावकाश कळलं, वाहनतळ रद्द, मैदान कायम. सत्काराच्या सभेत मी माझ्या नियोजनाविषयी बराच वेळ बोललो. मावशी एवढंच म्हणाल्या, “मांडव होता म्हणून पोरांना सावली तरी मिळाली.”

मैदान राहिलं, पण आमची इमारत पुनर्विकासाला गेली. मला पलीकडच्या गल्लीत भाड्याचं घर मिळालं. मावशी नवी इमारत होईपर्यंत लेकीकडे बदलापूरला निघाल्या. सगळं सामान टेंपोत चढलं, खुर्ची मात्र त्यांनी स्वतः खाली उतरवून बदामाखाली नेऊन ठेवली. “रिकामी जागा दिसली की एक गाडी लागते, मग दुसरी, मग हटत नाही. तू बसत जा रोज.”

“मी? मावशी, मला ऑफिस असतं.”

“ऑफिसात काय उभा असतोस?”

तेव्हापासून रोज संध्याकाळी त्यांचा फोन. “बसलास?” “बसलो.” त्या “बरं” म्हणतात आणि ठेवतात. एकदा कंटाळा आला होता. घरी सोफ्यावर पंख्याखाली पाय पसरूनच मी म्हटलं, “बसलोय मावशी.” मग त्या हळूच म्हणाल्या, “मगे पोरांचो आवाज कित्याक येणा नाय रे?”

चोरी पकडली गेली म्हणून मी चपला अडकवल्या आणि फोन कानाला तसाच धरून धावत मैदानात आलो. खुर्चीत कोसळलो, धापा टाकत माफी मागायला लागलो. त्यांनी मला थांबवलं. “बोलू नको तू. आयकाक दी माका जरा.”

इतके दिवस मला वाटत होतं, त्या माझी हजेरी घेतायत. मी फोन कानावरून काढला आणि पोरांच्या दिशेने धरला. आता मी फोन खुर्चीच्या उरलेल्या हातावर ठेवतो, पिशवी लटकायची तिथे. मी मॅच बघतो, त्या ऐकतात. मला त्यांची फार आठवण येते, हे एकदा सांगायला गेलो होतो. त्या म्हणाल्या, “गप, ओव्हर चालू आहे.”