पेरूच्या खोडातली भोकं

आमचे सासरे, म्हणजे बाबा, रफूवाले. कोटाला पडलेलं भोक ते असं बुजवत, की गिऱ्हाईक भिंग घेऊन बसलं तरी हार मानायचं. "कुठे होतं हो?" एवढं ऐकलं की स्वारी दिवसभर खुशीत. घरातही तीच तऱ्हा. भिंतीचा पोपडा, कपाची चीर, सुनेशी म्हणजे माझ्याशी झालेली खडाजंगी, सगळं पाहुणा यायच्या आत बुजलेलं असायचं.

परसातला पेरू हा बाबांचा दुसरा अभिमान. झाड म्हातारं झालं तरी गल्लीभर फळं जायची आणि 'हाताला गुण आहे तुमच्या' हे कौतुक परत यायचं. मागच्या वर्षी खोडाला कीड लागली. भोकं पडली, बुंध्याशी भुसा सांडू लागला. मी म्हटलं, माळ्याला बोलवू. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मेण वितळवलं, त्यात सालीचा चुरा कालवला आणि एकेक भोक बुजवून टाकलं. औषध नाही की काही नाही. मी कपाळावर हात मारला. झाड त्यांचं, हट्टही त्यांचाच.

मग शेजारच्या बाई आल्या. निवृत्त शिक्षिका. याच पेरूचं कलम त्यांनी कुंपणापलीकडे लावलं होतं, लेकरासारखं वाढवलं होतं. यंदा त्याला पहिली फळं धरली आणि खोडातून भुसा गळायला लागला. झाड कापायला करवत हवी होती त्यांना. आमच्या खोडावरून हात फिरवत म्हणाल्या, "तुमचं कसं ठणठणीत आहे. माझ्याच हाताला गुण नाही, दादा. यापुढे काही लावायचं नाही मी."

करवत देऊन टाकली असती तर प्रकरण तिथंच मिटलं असतं, आणि बाबांचा हात करवतीकडे गेलाही. मला त्यांची इतकी लाज वाटली की मी तोंड फिरवलं. मागे खरवडल्याचा आवाज आला. बाबा कात्रीच्या टोकाने मेण उकरत होते. एका भोकातून भुसा आला, दुसऱ्यातून अळी.

"कीड इथूनच गेली तुमच्याकडे," ते म्हणाले. "मला ठाऊक होतं. लोक काय म्हणतील म्हणून झाकलं. तुमच्या हाताचा काही दोष नाही."

बाई चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी वाकून बाकीची भोकं शोधली. एकही दिसेना.

"छान बुजवलीत," त्या म्हणाल्या आणि करवत घेऊन गेल्या.

बाबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. संध्याकाळी पलीकडे करवत चालू होती आणि ते आमच्या खोडापाशी कात्री घेऊन बसले होते. उरलेली भोकं आता त्यांनाही सापडत नव्हती.