भोकं पाडलेली चप्पल

मुंबईत डिझाइन शिकत असताना मी एक चप्पल बनवली होती. माणसाचा मातीशी संबंध तुटलाय, असं तेव्हा माझं ठाम मत होतं. म्हणून चपलेच्या तळाला पाच मोठी भोकं ठेवली. चालताना ओलं गवत, तापलेली वाट, सगळं पायाला कळायला हवं! सरांनी वर्गापुढे कौतुक केलं.

सुट्टीत महाडला घरी आले, तेव्हा तो जोड पोलादपूरकडच्या मावशीला दिला. तिचा सगळा जन्म आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या शेतात अनवाणी गेलेला. हिच्याइतकी पारख कोणाला असणार?

तिने चप्पल उलटी करून भोकातून माझ्याकडे पाहिलं. "उंदरानं खाल्ली काय गो ही?"

मी चिडून सगळी कल्पना समजावली.

दिवाळीत गेले, तर चप्पल तिच्या पायात! मी हरखून विचारलं, "आवडली ना?"

"बरी हाय. स्टँडवर टायरचे तुकडे लावून भोकं बुजवून घेतली."

मग तिने पाय वर करून भेगाळलेला तळवा दाखवला.

"मातीची वळख हाय गो मला. आता जरा चपलेची होऊ दे."