एक हात मशीनचा

वडील गेले तेव्हा मी दहावीत होते. मायनं हातातल्या बांगड्या उतरवल्या आणि खुरपं घेतलं. अहमदपूर तालुक्यातल्या आमच्या गावात, दुसऱ्यांच्या रानात राबून तिनं मला कॉलेजला घातलं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी आजही छाती काढून सांगते. पण दुसरं वर्ष संपायच्या आत मायच्या दोन्ही किडन्या गेल्या. डायलिसिस फुकट होतं, मात्र ते लातूरला, आठवड्यातून दोनदा, आणि सोबत माणूस पाहिजे. माणूस म्हणजे मीच.

तिथं शेजारच्या खाटेवर भेटल्या बांगडीवाल्या मावशी. मुखेडच्या बाजारात अर्धा जन्म बायकांना बांगड्या भरण्यात गेलेला. सोबतीला कुणी नाही, सिस्टरची बोलणी खात एकट्याच यायच्या. डायलिसिसच्या सुया ज्या हाताला टोचतात, त्यात बांगडी चालत नाही. म्हणून मावशींनी डाव्या हातातल्या सगळ्या उजव्यात चढवलेल्या, जवळजवळ कोपरापर्यंत. कुणी टकमक बघितलं की म्हणायच्या, "एक हात मशीनचा, एक माझा हाय."

चार तास मशीन चालायचं. थंडगार हॉल, अंगावर घरून नेलेली वाकळ, आणि सगळे अर्धवट झोपेत. जाग आली की मावशी विचारायच्या, "काय पाह्यलंस सपनात?" डॉक्टरांनी पाणी तोडलेल्या, घोट मोजून पिणाऱ्या माणसांच्या स्वप्नात दुसरं काय येणार? कुणी तळ्यात तरंगत असायचं, कुणी उसाच्या पाटात पाय सोडून. एकदा मावशी डोळे मिटूनच म्हणाल्या, "घागरभर पिऊन राहिले बघ. सपनातलं पाणी डॉक्टरला मोजता येत न्हाई." माय हसली. किती महिन्यांनी हसली!

सुया टोचायला हातातली शीर ऑपरेशन करून फुगवतात, मायला त्या शिरेची लाज वाटायची. हात कायम पदराखाली. मावशींनी एकदा माझा कान स्वतःच्या हाताला लावला. आत काहीतरी गुणगुणत होतं, लांबवर ओढा वाहावा तसं. "हे वाजून राहिलं तवर मी हाय," त्या म्हणाल्या. त्या दिवशी मायनंही हळूच स्वतःचा हात कानाशी नेला.

पण एका गुरुवारी अहमदपूरच्या स्टँडवर माय बाकावर बसली ती उठेचना. परीक्षेचा फॉर्म मी भरलाच नव्हता, हे तिला आदल्या दिवशी कळलं होतं. "माझ्यापायी पोरीचं वाटोळं. आता न्हाई यायचं मला." मुखेडहून लातूरला जाणारी बस लागली. मावशी आमची जागा धरून खिडकीत बसलेल्या. त्यांनी माझं रडकं तोंड पाहिलं आणि पिशवी घेऊन खाली उतरल्या. बस गेली.

"मावशी, तुमची डायलिसिसची पाळी चुकंल!" मी ओरडले.

"चुकू दे. ही न्हाई, तर मी बी न्हाई." त्या मायला टेकून बसल्या. "तू मेलीस म्हणजे पोरगी हसत कॉलेजला जाईल, असं वाटून राहिलं का तुला?"

मावशींनी स्वतःच्या हातातल्या दोन हिरव्या बांगड्या काढल्या आणि तिचा उजवा हात ओढला. मायनं हात आखडला. "अक्का, मला चालत न्हाई."

"मशीनचा हात मोकळा ठेव. दुसऱ्यानं काय गुन्हा केला?"

बांगड्या भरून झाल्यावर मावशी माझ्याकडं वळल्या. "तू कॉलेजला जा. हिला मी नेते."

त्या दोघी पुढच्या बसनं गेल्या. उशीर झाला म्हणून सिस्टरनं झापलं आणि विचारलं, "सोबत कोण?" मावशींनी मायकडं बोट केलं, मायनं मावशींकडं.

मी फॉर्म भरला. वर्षभर त्या दोघी अशाच गेल्या. मग उन्हाळ्यात एका सकाळी निरोप आला, मावशी झोपेतच गेल्या. कुठल्या तळ्यात होत्या तेव्हा, कोण जाणे.

पुढच्या गुरुवारी माय उठणार नाही, असं मला वाटलं होतं. ती माझ्याआधी उठली, आणि एकटी स्टँडवर गेली. आता तिच्यासोबत एक नवी पेशंट बाई असते. तिची जागा माय धरते.

मायची डायलिसिसची पाळी त्यानंतर एकदाही चुकली नाही. आणि मी बी.ए. झाले.