फोन माझ्याच घरात वाजेल

म्हातारा हट्टाला पेटला. माझ्या नव्या फोनबद्दल वाडीत आणि माझ्या घरात एवढंच बोललं जातं. हट्ट केला हे मला कबूल आहे. कशासाठी केला हे कुणी विचारलं नाही, म्हणून लिहून ठेवतो. एका बाईबद्दलही वाडी बरीच वर्षं चुकीचं बोलत आली आहे. तेही यातच येईल.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगरात. मोबाइलची रेंज घरात येत नाही. देवळामागच्या कातळावर उभं राहिलं तर येते, तीही तिच्या मनात असेल तेव्हा. माझ्या घरात मात्र तारेचा फोन होता. मी महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात बॉयलरवर होतो. बॉयलर अडला की अवेळी बोलावणं यायचं, म्हणून फोन घेतला. वाडीतला तो पहिला आणि कितीतरी वर्षं एकटाच. घराघरातलं कुणी ना कुणी मुंबईला, त्यामुळे सगळ्यांचे फोन माझ्याकडे. मी पडवीत येऊन हाक मारायची, मुंबईवाल्याने फोन ठेवून थोड्या वेळाने परत लावायचा, आणि तेवढ्यात ज्याचा फोन असेल त्याने शेतातून तसंच चिखलाच्या पायांनी धावत यायचं. लादी पुसून पुसून माझी बायको वैतागायची, पण तिने कुणाला परत पाठवलं नाही.

मुंबईत कुणी गेलं तरी फोन माझ्याकडेच यायचा. सांगणारा मला खरं सांगायचा आणि वर बजावायचा, "गेला म्हणून बोलू नका हां. सिरियस हाय म्हणा. घेऊन या म्हणजे झालं." मीही तसंच सांगायचो. सिरियस हाय, निघा. वाटेत रडारड नको, म्हाताऱ्यांना धक्का नको, म्हणून ही रीत. पुढे पुढे सिरियस म्हणजे काय ते वाडीतल्या शेंबड्या पोरालाही कळायचं. पण ज्या घरावर वेळ यायची ते घर मात्र दर वेळी खरं मानायचं. औषधाच्या चिठ्ठ्या शोधायचं, देवाला नारळ बोलायचं.

शेजारच्या वहिनींचा नवरा मुंबईला गोदीत होता. तो गेल्याचा फोन मीच घेतला आणि कुंपणाशी जाऊन नेहमीच्या आवाजात सांगितलं, "वहिनी, सिरियस हाय म्हणतात. निघायला हवं." सोबत जायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मीच गेलो. निघण्याआधी त्यांनी नाचणी दळली. दवाखान्यातलं जेवण त्याला चालत नाही, पेज करून घालीन म्हणाल्या. ते पीठ मांडीवर घेऊन त्या एस.टी.त माझ्या शेजारी बसल्या आणि पनवेलपर्यंत बोलत राहिल्या. आता त्याला घरी आणायचा. गोदी पुरे. बैल घ्यायचे की शेळ्या, तुम्हाला काय वाटतं, भावजी? मी म्हणालो, शेळ्या बऱ्या.

हे मी म्हणालो. त्यानंतर मी बऱ्याच गोष्टी विसरलो, हे नाही.

चाळीखाली माणसं उभी दिसली तेव्हा त्यांना कळलं. त्या रडल्या नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "एवढा येळ माझ्या बाजूला बसून व्हतात." त्यानंतर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. वाडी म्हणते, आमचं बांधावरून बिनसलं. बांधाचा काही संबंध नाही. बांध आहे तिथेच आहे. पण बांधावरून भांडलेली बाई म्हणजे भांडकुदळ, असं त्यांच्याबद्दल बोललं गेलं आणि मी ते बोलू दिलं, कारण मला ते सोयीचं होतं. तेव्हा इथे स्पष्ट लिहितो. त्या भांडल्या नाहीत. त्या गप्प राहिल्या, आणि त्यांचं बरोबर होतं.

त्यांचे फोन तरीही माझ्याकडेच यायचे. त्या यायच्या, फोनवर बोलायच्या, माझ्या बायकोशी चार शब्द करून जायच्या. बायको गेल्यावर पंचाईत झाली. मग त्या ओट्यावरच्या मांजराला सांगायच्या, "तुडीलवरनं माज्या बहिनीचा फोन यायचाय, आला तर हाक मारा म्हनावं." मांजर काही बोलायचं नाही. मी हाक मारायचो.

रस्त्याच्या कामात जेसीबीने खालची तार उपटली आणि फोन मेला. तांब्याची तार आता परत टाकणार नाही, फायबर घ्या, असं महाडच्या फोनच्या ऑफिसात सांगितलं. फोन आता इंटरनेटवरून चालणार. मुलगा मुंबईहून सुनेला घेऊन आला. त्याने सगळं ठरवूनच आणलं होतं. महाडच्या एका केबलवाल्याची लाइन, नंबर नवा.

"ह्यात ॲप असतं, बाबा," तो म्हणाला. "तुमचा फोन माझ्या मोबाइलवर वाजेल. मी कुठेही असलो तरी."

"आणि इथे?"

"इथे कशाला तो ठोकळा? महत्त्वाचं काही असलं तर मी कळवीन ना. खालच्या दुकानात वायफाय आहे, ते निरोप देतील."

"काय निरोप देतील?"

तो सुनेकडे बघायला लागला. सून समजूतदार आहे, तिनेच सांगितलं. "तुमच्या बीपीचं बघायला नको का, बाबा? एकदम काही कानावर आलं तर? आधी आम्ही ऐकू, मग तुम्हाला नीट सांगू."

"माझ्या बहिणीच्या वेळी सांगितलंत तसं?"

माझी थोरली बहीण ठाण्याला वारली, तेव्हा मुलगा गाडी घेऊन आला आणि म्हणाला, "आत्या सिरियस आहे, निघू या." त्याला वाटलं असेल, बाबांना काय कळतंय. अरे, हे वाक्य मी तुझ्या जन्माआधीपासून म्हणत आलोय. मला दारातच कळलं. पण पोराने एवढं मनावर घेतलेलं, त्याच्या तोंडावरचा घाम बघून मी काही बोललो नाही. डॉक्टर काय म्हणाले, खाते का काही, असं विचारत ठाण्यापर्यंत गेलो. खिडकीकडे तोंड करून बसावं लागलं. स्वतःच्या बहिणीसाठी गाडीत रडताही आलं नाही मला. वहिनींच्या मांडीवरचं पीठ त्या दिवशी मला खरं दिसलं.

"आम्ही तुमच्या काळजीपोटीच केलं," मुलगा म्हणाला.

"मीही काळजीपोटीच करायचो. माझ्या घरातला फोन माझ्या घरात वाजेल. काय यायचं ते माझ्या कानावर येईल."

"नंबरसुद्धा तोच पाहिजे असेल?"

"तोच."

तो रागावून गेला. जाताना पाया पडला, पण रागावूनच.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच महाडला गेलो. स्टँडवर आमच्याच वाडीचा एक जण भेटला. "काय भाऊ, परत एक्सचेंज खोलताय? आता पोराटोराकडं मोबाइल हाय."

"रेंज कुठाय?"

"कातळावर."

"मग जा पावसात छत्री घेऊन," म्हटलं, आणि पुढे गेलो.

केबलवाल्याकडे आधी चौकशी केली. तो उद्या जोडून देणार होता, पण जुना नंबर नाही, आणि फोन मोबाइलवरच. मग जुन्या कंपनीच्या ऑफिसात गेलो. काउंटरवर एक बाई होत्या.

"नंबर राहील, काका, पण थांबावं लागेल. नवीन घेतलात तर लगेच माणूस पाठवते."

"थांबतो."

"जुनाच फोन बॉक्सला जोडून मिळेल. ॲपसाठी कुणाचा मोबाइल टाकू?"

"कुणाचाच नाही."

"फ्री असतं ते."

"असू दे. घराबाहेर कुठेही वाजायला नको."

बाईंनी मान वर केली. "घरात भांडण झालंय का?"

"थोडं झालंय. बाकीचं हे ऐकल्यावर होईल."

त्या हसल्या आणि कामाचं सांगितलं. जुन्या फोनला वीज तारेतूनच मिळायची, ह्या बॉक्सला घरातली लागते. लाइट गेली की फोन गेला. आमच्याकडे लाइट वाऱ्याने जाते, पावसाने जाते, आणि काहीच नसलं तरी जाते. म्हणून बॉक्सला लावायची बॅटरी घेऊनच घरी आलो.

भात पसवून लोंब्या येईपर्यंत लाइन जोडायला माणूस आला नाही. मुलाने फोनबद्दल एकदाही विचारलं नाही. वहिनी मांजराला विचारायच्या, "अजून नाय?" शेवटी लाइन आली, जुना फोन बॉक्सला जोडला, आणि उचलल्यावर तोच जुना घुऽऽ आवाज आला. मी दोनदा ठेवून परत उचलला.

मग एका सकाळी तो वाजला. लाइट नव्हती, तरी वाजला. तुडीलहून, वहिनींच्या बहिणीचा मुलगा.

"काका, आई गेली. मावशीला बोलू नका, नुस्तं सिरियस हाय सांगा. मी गाडी पाठवतो."

"मी सिरियस म्हणणार नाही," म्हटलं. "मावशीला बोलावतो, तूच सांग."

"मला नाय जमनार, काका. तिला काय झालं तर?"

"तर मी आहे इथे. तुला जमत नसेल तर मी सांगतो. पण खरं सांगतो."

तो बराच बोलला. फोन घेतलात म्हणजे तुमचं राज्य झालं का, असंही बोलला. मी ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. मग कुंपणाशी गेलो, त्याच जागी. वहिनी पावटा सोलत होत्या.

"वहिनी, तुडीलहून फोन होता. तुमची बहीण गेली. आज पहाटे."

आवाज कापला. पूर्वी कापायचा नाही.

त्यांनी हातातली शेंग सोलून पुरी केली. दाणे सुपात टाकले. मग माझ्याकडे बघितलं, मांजराकडे नाही.

"गेलीच?"

"गेली."

"बरा केलात सांगितलात ते," त्या म्हणाल्या. "वाटेत रडाया गावंल."

गाडी आली. मी विचारलं, येऊ का सोबत. त्या म्हणाल्या, "बसा की." पोलादपूरच्या आधीच त्यांनी सुरुवात केली. बहिणीच्या लहानपणापासूनचं सगळं सांगत, मोठ्याने, गळा काढून. ड्रायव्हरने गाणी बंद केली. आरशात बघून त्याने मला खूण केली, काहीतरी बोला की, गप्प करा त्यांना. मी केलं नाही.

त्या भाच्याने अजून मला माफ केलेलं नाही. तुडीलला सगळ्यांसमोर म्हणाला, म्हाताऱ्याला अक्कल नाय. माझ्या मुलाच्या कानावरही ते गेलं. परवा त्याचा फोन आला, जुन्याच नंबरावर. म्हणाला, "बाबा, असं तोंडावर सांगतात का कुणाला?"

"सांगतात," मी म्हणालो. "तूही सांगायचं. मी उचलीन तेव्हा."