घाडींची पाणीदार शाई

गुणाजी घाडी माझ्या डोक्यावर राहतात, म्हणजे वरच्या मजल्यावर. ठाकुर्लीला आमची चोवीस फ्लॅटची सोसायटी आहे. घाडींचे त्यात जोडलेले दोन फ्लॅट, एक त्यांच्या नावावर आणि एक तुळसाकाकूंच्या. त्यामुळे सोसायटीत त्यांच्या घरची मतं दोन.

माणूस आयुष्यभर ठाण्याला, खोपटला एका खासगी बसवाल्याच्या स्पेअर पार्टच्या स्टोअरमध्ये होता. ड्रायव्हरने तुटका वायपर आणून दिला की उलटसुलट करून बघायचा आणि "अजून चालंल" म्हणून तोच परत द्यायचा. पावसात ड्रायव्हर काचेबाहेर हात काढून पुसत गाडी चालवायचे. हे घाडी स्वतःच सांगतात, हसत हसत.

रिटायर झाल्यावर मुलीने, संचिताने, त्यांना प्रिंटर घेऊन दिला. शाई संपली तेव्हा नव्या कार्ट्रिजची किंमत ऐकून घाडी दुकानदाराला चोर म्हणाले आणि घरीच शाई भरायला लागले. यात वाईट काही नाही. माझ्याकडेही रिफिलच चालते, डोंबिवलीत एक जण व्यवस्थित भरून देतो. पण घाडींना तोही चोर वाटला. काकूंच्या इन्सुलिनची सिरिंज, कुठून तरी आणलेली शाईची बाटली, आणि त्या शाईत नळाचं पाणी. हो, पाणी. खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने मोजून.

"कंपनीवाले पण पाणीच विकतात," ते मला म्हणालेले. "तुम्ही लोक बावळट, म्हणून त्यांचं फावतं."

घरातलं बेसिन काळपट, कणकेच्या परातीवर डाग, स्वतःची नखं बारा महिने काळी. आणि एवढं करून छापायचं काय, तर जिन्यातल्या नोटिसा. "दुसऱ्या मजल्यावरील कुंडीचे पाणी टपकते. संबंधितांनी शरम बाळगावी." खाली नाव नसायचं. त्या राखाडी, मधे मधे पांढरे पट्टे गेलेल्या अक्षरांवरून लेखक कोण ते सगळ्यांना कळायचं.

गेल्या मे महिन्यात कमिटीतल्या एका जागेची निवडणूक लागली. घाडी उभे राहिले. समोर तळमजल्यावरची मेघना शेजवळ. ती ठाण्याला शाळेत शिकवते. निवडणुकीचं काम आबा राऊतांकडे दिलेलं. आबा ऐंशीचे, कुणाला नाही म्हणणं त्यांना जमत नाही.

"मतपत्रिका मी छापतो," घाडी त्यांना म्हणाले. "झेरॉक्सवाल्याचं घर कशाला भरायचं?"

आबांनी मेघनाकडे बघितलं.

"छापू दे ना आबा. कागदच तर आहे," ती म्हणाली.

घाडींनी त्यातही शाई वाचवली. वर सोसायटीचं नाव नाही, तारीख नाही. फक्त दोन नावं, एकाखाली एक, आणि प्रत्येकापुढे फुली मारायला चौकट. कात्रीने कापलेली इवलीशी चिठ्ठी.

रविवारी मतदानाला सकाळपासून लाईट नव्हती. ऑफिस म्हणजे पार्किंगमधली पत्र्याची खोली. आत माणसं घामाने निथळत होती. घाडींनी जन्मात पहिल्यांदा लोकांना काही पाजलं, बर्फ घातलेलं कोकम सरबत. तेही पातळ. थंडगार ग्लास बाहेरून ओले, हात ओले, आणि त्याच हातात चिठ्ठी.

बावीस जणांनी मत दिलं. आबांनी मतपेटी केलेला बिस्किटाचा डबा उघडला. पहिली चिठ्ठी ठीक होती. दुसरीवर दोन्ही नावांचा मिळून एक ढग. तिसरीही तशीच. पंधरा चिठ्ठ्यांवर बॉलपेनची फुली तेवढी ठसठशीत, नाव एकही नाही. वाचता आल्या त्या सातांत मेघनाला पाच, घाडींना दोन.

घाडी पुढे सरसावले. "ही बघा, फुली वरती आहे. वरती माझं नाव होतं. मत माझं!"

आबांनी चिठ्ठी उलटी फिरवून धरली. "आणि आता?"

लोक इतके हसले की वॉचमन आत डोकावला. घाडी मात्र प्रत्येक चिठ्ठी उचलून, डोळ्याला लावून आपलं नाव शोधत राहिले. मला हसूसुद्धा येईना. एवढा मोठा माणूस, आणि जराही लाज नाही.

"काका, राहू दे," मेघना म्हणाली. "पुढच्या रविवारी परत घेऊ."

पुढच्या रविवारी चिठ्ठ्या दुकानातून आल्या. मेघना एकोणीस, घाडी तीन.

त्या दुपारी वरचा आवाज खिडकीतून स्पष्ट खाली येत होता.

"तू कुणाला दिलंस?"

"मेघनाला," तुळसाकाकू म्हणाल्या.

"घरचा माणूस उभा असताना?"

"ती जाता-येता विचारते तरी, काकू, शुगर कशी आहे. तुम्ही कधी विचारलंत?"

त्यावर घाडींनी प्रिंटर सुरू केला. खरखर मला संध्याकाळपर्यंत ऐकू येत होती. निवडणुकीविरुद्ध चार पानी तक्रार छापून ते दुसऱ्या दिवशी सहकार खात्याच्या कल्याणच्या कचेरीत गेले. तिथल्या बाईंनी पानं खिडकीच्या उजेडात धरली, खालीवर केली आणि परत दिली. "काका, हे वाचता येत नाहीये. हाताने लिहून आणा."

हे त्यांनीच मला जिन्यात गाठून सांगितलं, तावातावाने. "सरकारी पगार खातात, आणि चार ओळी वाचता येत नाय!"

"खरंय," मी म्हटलं आणि घरात शिरून दार लावून घेतलं. ते बराच वेळ बाहेर बोलत होते.