दुसरी प्रत

बिघडलेली हार्ड डिस्क हाती आली की तो ती कानाशी धरी, डोळे मिटी आणि विचारी, "दुसरी कापी कुठी हाय?" बंद डिस्कमधून त्याला काय ऐकू येई, ते त्यालाच ठाऊक, समोरच्याचा धीर सुटण्यास मात्र तेवढा अभिनय पुरे होई.

प्रताप नगरातील त्याच्या डिस्क-दुरुस्तीच्या चिंचोळ्या दुकानात आपल्यापैकीही काही जण अपराध्यासारखे उभे राहिले असतील. दुसरी प्रत कोणीच काढून ठेवलेली नसे. मग प्रवचन सुरू होई. श्रोत्यांचा एवढा पाणउतारा करूनही त्यांना जागेवर खिळवणारा प्रवचनकार मी अन्यत्र पाहिला नाही. एका प्राध्यापकांना तो म्हणाला, "स्कूटरले स्टेपनी ठेवता, अन् पोरीच्या लग्नाच्या फोटोले नाई?"

यथाकाल माझी पाळी आली. माझ्या दिवंगत गुरुजींच्या आवाजातील वेदसंहितेच्या पाठाचे ध्वनिमुद्रण केवळ माझ्या संगणकात होते. डिस्क कटकट वाजू लागली, तेव्हा मी नऊ दिवस, संध्यावंदन आटोपल्यावर, श्रद्धेने ती चालू करून पाहत राहिलो.

"नऊ दिवस? घट बसवले होते का जी? दर वेळी चालू केली का आनखी घासते थे. दुसरी कापी कुठी हाय?"

"आहे," मी ताठ मानेने म्हणालो. "त्याच डिस्कवर. 'सुरक्षित' नावाच्या निराळ्या फोल्डरमध्ये."

"पंडितजी, तुमच्या लोकायनं वेद हजार तोंडांत ठेवला. तुमी एका डब्यात कोंबला."

जे वाचता येईल ते आधी निरोगी डिस्कवर उतरवायचे, आणि मग त्या प्रतीतूनच फाइली शोधायच्या, ही त्याची रीत. चार दिवस त्याने मला दुकानात बसू दिले; बोलू दिले नाही.

एका अध्यायाखेरीज सारे परत आले.

"थो गेला. पन तुमाले पाठ असंल ना? म्हना बरं."

मी आरंभ केला आणि सातव्या मंत्राशी अडखळलो. ध्वनिमुद्रण घरात आल्यापासून नित्यपाठ सुटला होता. आता हा मला सोलणार, असे वाटले. त्याने उठून पंखा बंद केला.

"घाई नोका करू. डिस्कबी दुसऱ्या-तिसऱ्या वेळेलेच वाचल्या जाते."

तिसऱ्या वेळी अध्याय पूर्ण झाला. तो त्याने आपल्या फोनमध्ये टिपून घेतला आणि गुरुजींच्या पाठातील रिकाम्या जागी माझा कापरा आवाज बसवला. मग दोन डिस्क पुढे ठेवल्या. "एक घरी. एक दुसऱ्याच्या घरी."

"दुसरी आपणच ठेवा," मी म्हणालो.

गेल्या उन्हाळ्यात तो गेला. दुकान आवरताना सापडलेली ती डिस्क त्याच्या पत्नीने घरी आणून दिली. वर त्याच्या हातची चिठ्ठी होती: "पंडितजीची दुसरी कापी. रोज चालू करून पाहू नये."

मी ती अद्याप चालू केलेली नाही. तो अध्याय मात्र रोज म्हणतो.