परातीतला बर्फ

मी बर्फावरच्या फिगर स्केटिंगची परीक्षणं लिहिते, हे आमच्या टेंभुर्णीत एकदा कुणाला सांगून बघा. समोरचा आधी तुमच्याकडं बघतो, मग डोक्यावरच्या उन्हाकडं. पुण्याच्या एका मराठी क्रीडा संकेतस्थळाला या कामासाठी माणूस मिळत नव्हता. क्रिकेटवर लिहायला त्यांच्याकडं रांग लागलेली, म्हणून बर्फ माझ्या वाट्याला आला. मी आयुष्यात बर्फाचं मैदान पाहिलेलं नाही. नियम वाचले, जुने व्हिडिओ बघितले, उड्यांची नावं पाठ केली, आणि बघता बघता त्याचं वेडच लागलं. आता एखादी खेळाडू उडी घ्यायला वळली की माझाच श्वास अडकतो.

दिवाळीनंतर आई पडली आणि मी जालन्यातून लॅपटॉप घेऊन तिच्याकडं राहायला आले. आई म्हणजे कन्याशाळेतल्या पी.टी.च्या बाई. तालुक्यातल्या कितीतरी बायका लहानपणी तिच्या शिट्टीवर धावलेल्या आहेत. खो-खोत एखादी पोरगी आपटली, गुडघा फुटला, की ही लांबूनच ओरडायची, "रडायचं नंतर, आधी ऊठ!" घरात मलाही तेच. सायकलवरून पडले तरी तेच, परीक्षेत आपटले तरी तेच. आणि ही एवढी खमकी बाई अंगणातल्या फरशीवर साबणाच्या पाण्यात घसरली. डाव्या खुब्याचं हाड मोडलं. जालन्याला ऑपरेशन करून आत रॉड घालावा लागला.

मार्चमध्ये डॉक्टरांनी एक्स-रे बघितला आणि म्हणाले, हाड बराबर जुळलंय, आता या पायावर भार द्या. नाही दिला तर पाय वाळत जाईल आणि मग कायमचा पलंग. आईनं शहाण्या मुलीसारखी मान डोलावली. घरी आल्यावर मात्र नव्या वॉकरवर टॉवेल वाळत घातला. तेवढाच त्या वॉकरचा उपयोग. न्हाणीपर्यंत जायचं तरी सगळं वजन माझ्या खांद्यावर, आणि डावा पाय अधांतरी. "टेक की जरा," म्हटलं की, "उद्या." आमच्या गल्लीच्या टोकाला विहार आहे. पौर्णिमेची वंदना आईच्या आवाजात सुरू व्हायची. बायका येऊन विचारायच्या, बाई, कधी येता? ही म्हणायची, जरा ऊन कमी होऊ द्या. मार्चमध्ये ऊन कमी व्हायची वाट बघणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

ती घाबरली होती. मला ते कळत होतं, आणि मला कळतंय हे तिलाही कळत होतं. पण बोलायचं कुणी? मला तिचा संताप यायचा. संतापाखाली भीती होती, सरळच सांगते. आईला कायमची पलंगावर बघायची माझी तयारी नव्हती.

त्याच दिवसांत मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा आली. तिकडं रात्री व्हायची, मी इकडं सकाळी रेकॉर्डिंग बघून दुपारपर्यंत लिहून पाठवायची. माझं टेबल आईच्या पलंगाशेजारी. ती भिंतीकडं तोंड करून पडलेली. व्हायोलिन सुरू झालं तशी वळली.

"काय बघून राह्यलीस?"

"काम करतेय."

"ह्याला काम म्हणतेत?"

थोड्या वेळानं ती उशी सरकवून बसली. मी स्क्रीन तिच्याकडं वळवला. नेमकं तेव्हाच नेट अडकलं. पडद्यावरची मुलगी हवेत, हात छातीशी, आणि वर ती लोडिंगची गोल चक्री फिरतेय. आई वाट बघत राहिली. मग म्हणाली, "अगं, उतरव की तिला. पोरीचा जीव जाईल." कितीतरी दिवसांनी आम्ही दोघी एकदम हसलो.

दुसऱ्या दिवसापासून ती माझ्याआधी तयार. मी तिला सांगितलं, उडी कुठलीही असो, उतरायचं एकाच पायावर, दुसरा पाय मागं लांब. तिनं लगेच ते डोक्यात ठेवलं. मग काय विचारता! शिट्टी सोडली तर सगळं ग्राउंड घरात आलं. "हिचा गुडघा वाकलाच न्हाई." "ही हसून राह्यली, पण खोटं." निळ्या पोशाखातली एकजण एकही चूक न करता पहिली आली, तर आई म्हणे, "बराबर हाय सगळं. पण बघावं वाटत न्हाई." मी परीक्षणात त्या मुलीसाठी 'बर्फावरचं फुलपाखरू' लिहिलं होतं, आणि कौतुकानं तिला वाचून दाखवलं.

"फुलपाखरू घसरतंय व्हय?" ती म्हणाली.

मी फुलपाखरू खोडलं. राग आला, पण खोडलं.

हिरव्या पोशाखातली मुलगी पहिल्याच उडीत पडली. चांगली दणकून, कुल्ल्यावर. मी आईकडं बघितलं, म्हटलं आता ही तोंड फिरवणार. ती पुढं वाकली. "मागं घे." मी मागं घेतलं. "अजून मागं." तिला पडणं बघायचंच नव्हतं. पडायच्या आधीचं बघायचं होतं आणि नंतरचं. मुलगी उठली, दोन्ही तळवे पोशाखाला पुसले, आणि चालू गाण्यातच पुढच्या जागेला जाऊन मिळाली.

"गाणं थांबवत न्हाईत?"

"नाही. पडलं तरी चालूच राहतं."

"आन् मार्क?"

"पडल्याचा एक गुण जातो."

"उठल्याचे किती?"

"उठल्याचे नाहीत."

"हे काय नियम झाले?" आई खरोखर चिडली. मी परीक्षणाचं वाक्य जुळवत बसले. एकदम तिनं विचारलं, "ते बर्फ कितपत घसरतं गं? आपल्या फरशीएवढं? का जास्ती?"

"जास्तच असेल."

"असेल म्हंजी?"

"मला काय माहीत? मी कधी उभी राहिलेय?"

"इतके दिवस लिहून राह्यलीस आन् तुला म्हाईत न्हाई?" तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी परत आठवीत गेले. "जा, बर्फ आण."

मला हसू आलं, पण खरं सांगायचं तर मलाही बघायचंच होतं. हे आपल्याला आजवर कसं सुचलं नाही, असं वाटत मी भर उन्हात स्टँडजवळच्या रसवंतीवर गेले. बर्फाच्या लादीचा चांगला पाटाएवढा तुकडा तोडून घेतला आणि गोणपाटात गुंडाळून आणला. घरातली मोठी परात काढली, तळाला तेच गोणपाट घातलं, वर बर्फ ठेवला आणि परात सरकू नये म्हणून पलंगाच्या पायाला टेकवली. वॉकरवरचा टॉवेल काढून वॉकर पुढ्यात ओढला.

आईनं पलंगाच्या कडेला बसून उजवा पाय बर्फावर ठेवला. "आई गं! लई गार हाय." मग पाऊल पुढं-मागं केलं. "पण घसरत कुठं हाय? चिकटून राह्यलं."

"वर पाणी सुटू दे."

पाणी सुटलं. तिनं पुन्हा पाऊल फिरवलं आणि तोंड वाकडं केलं. "बसून काय कळतंय? जरा दाबून बघावं लागंल." तिनं एका हातानं वॉकर धरला, दुसरा माझ्या खांद्यावर टाकला आणि उठली.

"हां, आता. आता जातोय बघ." उजवं पाऊल बर्फावर सरकत होतं, पुढं, मागं. तिचे डोळे मिटलेले. "टाचेनं दाबलं की थांबतंय, बोटांकडं गेलं की सुटतंय. अगं, म्हणून ते सारखे गुडघे वाकवून राहतेत!"

"कडेला कसं लागतंय? पाऊल तिरपं करून बघ ना," मी विचारत होते. मला माझं परीक्षण दिसत होतं, त्यातलं अडलेलं वाक्य सुटताना दिसत होतं. तिनं पाऊल तिरपं केलं. "तिरपं केल्यावर धरतंय. पण एक सांगते, साबणाचं पाणी ह्याच्याहून बेक्कार. हे कळतं तरी, कुठं नेऊन राह्यलंय ते. ते साबणाचं काहीच कळू देत न्हाई."

पडल्यापासून त्या पाण्याबद्दल ती पहिल्यांदाच बोलली. मी खाली बघितलं. बर्फाचं पाणी परातीत जमलं होतं. उजवं पाऊल वरच्यावर सरकत होतं, त्याच्यावर भार असा नव्हताच. भार सगळा डाव्यावर होता. डावा पाय फरशीवर सपाट टेकलेला, बोटं पसरलेली.

माझा आवाज बंद झाला तसे आईनं डोळे उघडले. माझ्या तोंडाकडं बघितलं, मग मी बघत होते तिकडं. तिच्या डाव्या मांडीतून एक थरथर खाली घोट्यापर्यंत आली. वॉकर हलला. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, थांबवता येईना.

"ए," आई म्हणाली. "रडायचं नंतर. आधी धर मला."

मी तिच्या कमरेत दोन्ही हात घातले. डावा पाय तिनं उचलला नाही.